ओढणीआडून विचारलेलं

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर माझी चहाची टपरी. तिथल्याच ऊस गाळायच्या मिलमधल्या एका फिटरची मुलगी पुण्यात ऑडिओलॉजीचं, म्हणजे कान तपासायचं, एमएस्सी करत होती. सुट्टीत चहाला यायची आणि बोलताना ओढणी तोंडाशी धरायची. लाजते, असं आम्ही समजायचो. पण लाजणं तिच्या अंगातच नव्हतं. समोरचा कानानं ऐकतोय का नुसते ओठ बघतोय, हे ती ताडायची.

दुष्काळानं ऊस वाळला, मिल बंद पडली, यंत्रांचा खडखडाट थांबला, तरी मिलची माणसं ओरडूनच बोलायची. एक दिवस तिनं गेटवर सगळ्यांदेखत चीफ इंजिनिअर साहेबांना अडवलं. कामगारांचे कान तपासून घ्या, म्हणाली.

साहेब हसले. "पोरी, मिलमदी उभी हयात गेली माजी. मला काय झालं?"

तिनं ओढणी वर धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "साहेब, कारखाना कवा सुरू करताय?"

माझा स्टोव्ह फरफरत होता, तरी मला नीट ऐकू आलं. सगळा तालुका हेच तर विचारत होता.

"हां, हां," साहेब मान डोलवत म्हणाले. "जा आता घरी."

कुणी हसलं नाही. तिनं ओढणी खाली घेतली.

"न्हाई जात. पयले तुमचेच कान तपासते," म्हणाली, आणि माझं बाकडं ओढून त्यांच्यापुढं ठेवलं. "बसा."