थांबलेली मिसळ

रविवारी पहाटे आम्ही अकरा जण रंकाळ्याच्या कडेला जमतो आणि धावतो. त्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, एक वकील आहेत, शिवाजी पेठेत राहणारे खेळाचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, बाकी सगळे माझ्यासारखे दुकानदार. माझं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जन्म नेसरीकडचा. आमच्या गावात मोठा माणूस पळताना दिसला तर म्हैस सुटली असं लोक समजायचे. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी बूट आणले तेव्हा घरच्यांनी आधी चौकशीच केली. शुगर निघाली होती, दुसरं काही नव्हतं.

आमच्या क्लबला नियम असा एकच. पळून झालं की मिसळ, आणि शेवटचा माणूस येऊन बसल्याशिवाय मिसळ मागवायची नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटचा माणूस मात्र दोन वर्षं मीच होतो.

वळणावरून हॉटेल दिसायला लागलं की बाकांवर बसलेले दहा जण दिसायचे. पुढ्यात नुसते पाण्याचे ग्लास. मी पायरी चढलो की वकीलसाहेब आत बघून ओरडायचे, "आलं बघा आमचं पावणं! सोडा कट!" म्हणजे मिसळीवर रस्सा ओता. सगळे हसायचे, मीही हसायचो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळत होतं, तरी आतून मी चिडायचो. दहा भुकेली माणसं आपल्यासाठी थांबलीत, हा उपकारच झाला, आणि मला उपकार पचत नाहीत. "खाऊन घेत जावा की, माझ्यासाठी कशाला थांबताय?" असं मी कितीदा तरी म्हणालो. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. "मिसळ काय पळून जात न्हाय."

डिसेंबरात जोतिबाच्या डोंगरावरची अर्धी मॅरेथॉन होती. आम्ही अकराच्या अकरा जणांनी नावं दिली. घाटानं वर जायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं, एकवीस किलोमीटर. बाकीच्यांना वेळ गाठायची होती, पदक घ्यायचं होतं. मला फक्त शेवटचं यायचं नव्हतं. हे मी कुणाला बोललो नाही. शनिवारी रात्री मटणाला नको म्हणालो तेव्हा बायकोला तेवढा संशय आला.

सरावाला चढावर माझ्याबरोबर सरच असायचे. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अंगात सुती बनियन, मनगटावर घड्याळ नाही. "वर बघू नगासा, पायाम्होरचं दोन हात बघा," एवढंच ते शिकवायचे. त्यांच्या चालीवर मी चढ चढायला शिकलो. चढावर ते माझ्यापुढे नेहमी दहा पावलं असायचे, आणि त्या दहा पावलांमुळेच तिथंही मी शेवटचा ठरायचो.

शर्यतीच्या दिवशी चढ सुरू झाला आणि बाकीचे नऊ जण दिसेनासे झाले. सर पुढे, मी मागे, नेहमीसारखंच. एका वळणावर उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या म्हातारबांनी विचारलं, "पावणं, कोण लागलंय मागं?" मी म्हणालो, "कोणच न्हाय, तीच अडचण हाय." सर खो खो हसले. आणि त्यानंतर शंभरेक पावलांवर ते एकदम थांबले. पोटरीत गोळा आला होता. कठड्याला धरून ते पाय ताणत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"व्हा तुम्ही फुडं," ते म्हणाले.

मी झालो पुढे. एकदा म्हणाले, मी लगेच निघालो. दुसऱ्यांदा म्हणायची वेळच मी त्यांच्यावर आणली नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. वळण घेताना मागे पाहिलं तर ते अजून कठड्यालाच होते, आणि माझ्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे, देवळाच्या कमानीपर्यंत मी एकदाही चाललो नाही. उतरताना ते मला समोरून चालत येताना दिसले. त्यांनी हात केला, मीही केला.

खाली फाट्यावरच्या हॉटेलात नऊ जण बसले होते. मी पायरी चढलो तेव्हा वकीलसाहेब ओरडले नाहीत, कारण आज शेवटचा मी नव्हतो. मला सरकून जागा दिली. माझ्याही पुढ्यात पाण्याचा ग्लास आला. या बाजूला बसण्याची माझी ही पहिलीच वेळ. डॉक्टरीणबाईंनी सरांना फोन लावला. "बरा हाय, चालत येतो, गाडी नको," असं ते म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं. मग सगळे गप्पा मारत बसले. कुणाला घाई दिसेना. मी मात्र दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत होतो आणि आतून कटाचा वास येत होता.

पाऊण तास झाला. मी म्हणालो, "मागवूया की आता. सरास्नी मागनं गरम देतील. मला शुगर हाय, मला खायाच पायजे."

शुगरवाल्याला नाही कोण म्हणणार? डॉक्टरीणबाईंनीच हात वर करून दहा सांगितल्या. माझ्या खिशात सकाळचं केळं तसंच होतं.

तोंडात पहिला घास होता तेव्हा सर आले, बूट हातात घेऊन, अनवाणी. त्यांनी टेबलावरच्या ताटल्या पाहिल्या. "बरं केलासा," ते म्हणाले, "गार झाली असती." आणि माझ्याशेजारी बसून पाण्याचा ग्लास ओढून घेतला. मला मान वर करवेना. बाकीच्यांनी पाव मोडायला घेतले ते त्यानंतर, तोवर ताटल्यांना हात लावला होता तो फक्त मी.

त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. पुढच्या रविवारी रंकाळ्याला नेहमीसारखं पळालो. सरांनी पाय दुखतो म्हणून एकच फेरी मारली. मी शेवटी राहिलो. वळणावरून हॉटेल दिसलं, तर बाकांवर माणसं तुरळक होती. काही जण हात धूत होते, वकीलसाहेबांनी गाडी चालू केली होती. त्यांनी मला बघून हॉर्न वाजवला आणि निघून गेले. मी दोन वर्षं जे मागत होतो ते मला मिळालं होतं. कुणीही माझ्यासाठी थांबलं नव्हतं.

आत कोपऱ्यात सर बसले होते. त्यांच्यासमोर दोन ताटल्या होत्या, दोन्हींवर उपड्या ताटल्या झाकलेल्या. मी म्हणालो, "सर, तुम्ही तरी खाऊन घ्यायचं."

"बसा," ते म्हणाले आणि झाकण काढलं. कटावर तेल साकळलं होतं. दोघांच्याही.