उचगावची फुलबॅक

"रडायचं आसंल तर लाईनीच्या भाईर जाऊन रड," असं म्हणून ती खाली पडलेल्या मुलीला ओलांडून बॉल पुढं घेऊन जायची. पडलेली मुलगी बहुतेक वेळा मीच असायची.

ती उचगावची, म्हशीवाल्यांच्या घरातली. सत्तरच्या दशकात आमचा मुलींचा फुटबॉल संघ होता, त्यात ती फुलबॅक आणि मी फॉरवर्ड. संघ एकच असल्यामुळं सरावात आम्ही रोज समोरासमोर. कोल्हापूर फुटबॉलवेडं खरं, पण ते वेड पुरुषांच्या फुटबॉलचं. आम्ही हाफपँटीत उतरलो की कट्ट्यावरून शिट्ट्या यायच्या. आम्ही माना खाली घालायचो. ती मात्र त्या टोळक्यात नेमका बॉल हाणायची आणि शांतपणे म्हणायची, "पावणं, बॉल द्या की हिकडं."

तुम्ही तिथं बघायला असता, तर ती तुम्हालाही आवडली असती. रोज तिच्यासमोर खेळावं लागलं असतं, तर नसती आवडली.

भारताच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि आम्हा दोघींना बोलावणं आलं होतं. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तिनं मला असं आडवं केलं की घोट्याचं हाड मोडलं. ती दवाखान्यात आली ती कासंडीभर दूध घेऊन. आई तिला म्हणाली, "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस तू."

"मी बॉलवर गेलतो, काकू." आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'गेलतो, आलतो' असंच बोलायची. "ही पाय येळंवर उचलत न्हाय."

आईनं दूध कासंडीसकट परत पाठवलं. ती एकटी चाचणीला गेली आणि निवडली गेली. परदेशात ती भारताकडून खेळली, त्या बातम्या मी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वाचल्या. ती चांगली खेळत होती. त्यानं माझा राग वाढतच गेला.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच असतात, आमचं सरावाचं मैदानही अशाच एका तालमीच्या ताब्यात होतं. तिथले सेक्रेटरी आम्हाला भर दुपारची वेळ द्यायचे, तीही उपकार केल्यासारखी. ती परत आली तेव्हा त्यांनीच सत्कार ठेवला आणि 'आमच्या मैदानाची लेक' म्हणून हार घातला. तिनं हार काढून टेबलावर ठेवला आणि माईक हातात घेतला.

"मैदान तुमचं हाय, लेक न्हाय. दुपारच्या उनात आमच्या पोरी चक्कर येऊन पडत्यात, तवा कुणाला लेक आठवत न्हाय."

लोक हसले. सेक्रेटरीही हसले. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं आणि मुलींचा सराव बंद झाला होता.

आम्ही सगळ्या उचगावला गेलो. ती गोठ्यात धार काढत होती.

"सत्कार तुझा झाला, मैदान आमचं गेलं," मी म्हणाले. "जाऊन माफी माग."

"न्हाय मागणार."

"तुला इंडियाचा ब्लेझर मिळाला. आम्हाला काय मिळालं?"

तिनं धार पुरी केली, मग मान वर केली. "आमचा ऊस तुटला की या."

ऊस तुटल्यावर तिनं वडलांशी भांडून ते शेत त्या वर्षी मोकळं ठेवायला लावलं. स्वतः कुदळ घेऊन जमिनीत राहिलेले उसाचे बुडखे काढले, बांबूचे गोलपोस्ट रोवले. आम्ही संध्याकाळी गार वाऱ्याला सायकलींवरून तिथं जाऊ लागलो. शिट्ट्या नव्हत्या, कुलूप नव्हतं. शिव्या मात्र तिच्या चालूच होत्या आणि मी तिच्याशी खेळापुरतंच बोलत होते.

तिला भारताच्या पुढच्या शिबिराचं बोलावणं आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जमिनीत राहून गेलेल्या एका बुडख्यात तिचा बूट अडकला. गुडघा फिरल्याचा आवाज मला ऐकू आला. दुधाच्या टेम्पोत किटल्यांच्या मधे बसवून आम्ही तिला कोल्हापुरात आणलं. वाटेत ती एकदाही ओरडली नाही. चालता येईल, खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मी भरलेलं ताट तसंच परत केलं, आणि त्याचाही मला तिच्यावरच राग आला.

वडलांनी शेतात पुन्हा ऊस लावला आणि वारणानगरच्या साखर कारखान्यातला मुलगा बघून तिचं लग्न ठरवलं. लग्नाला तालमीचे सेक्रेटरीही आले होते, वडलांनीच बोलावलं होतं. आहेर देताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खेळबिळ ठीक हाय. शेवटी पोरगी मार्गाला लागली, हे बरं झालं."

आम्ही मुली एका रांगेत उभ्या होतो. सगळ्याजणी तिच्याकडं बघत होतो. आता ती काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. तिनं बोलावं म्हणून मी वाट बघत होते.

तिनं सासरच्या माणसांकडं पाहिलं, मग वडलांकडं पाहिलं. पदर सारखा केला आणि सेक्रेटरींच्या पाया पडायला वाकली. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून नवऱ्याचा हात धरून वाकली.

त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही. माझा मोडलेला घोटा मी एक वेळ विसरेन. तिचं ते वाकणं नाही.