ट्रामची रिकामी जागा

गणपतीआधी लालबागमध्ये ऑइलपेंटचा वास नाकात गेला की मला आमच्या हॉलमधलं आभाळ आठवतं. करी रोडच्या टॉवरमध्ये नवं घर घेतलं तेव्हा वडिलांनी जुन्या गिरगावचं एक छापील चित्र एका पेंटरला दिलं आणि तेच हाताने, भिंतीएवढं मोठं रंगवून मागितलं. त्यात कौलारू घरं होती, घोडागाड्या होत्या आणि ऐन मध्ये ट्राम. लहानपणी वडील त्याच ट्रामने शाळेत जायचे, त्यामुळे सगळा जीव तिच्यात. पेंटरची हयात मात्र गणपती मंडळांचे मूर्तीमागचे पडदे रंगवण्यात गेलेली. वास्तुशांतीच्या सकाळी चित्रावर गुंडाळलेला कागद फाडून बघतो तर दोन्ही कडांना घरं, घोडे अगदी झकास, आणि मधोमध नुसतं निळं आभाळ. "अहो, ट्राम कुठाय?" वडील ओरडले. "साहेब, पुढे मूर्ती बसली की झाकलीच जाणार ती, म्हणून नाही रंगवली," पेंटर शांतपणे म्हणाला. आई तोंडाला पदर लावून आत पळाली. चित्र तसंच लागलं. पुढे वडील त्या आभाळासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला हातवारे करून ट्राम दाखवायचे. आता त्या खुर्चीत मी बसतो. ट्राम मी जन्मात पाहिलेली नाही, पण ती कुठे वळायची ते पाहुण्यांना ठासून सांगतो.