वहिनींच्या नावाचा मेल

पैसे पाठवायच्या आधी आमच्या कॉम्प्युटरवाल्या बाई चष्मा काढायच्या, डोळे मिटायच्या आणि फोन कानाला लावायच्या. बँकेचं खातं बदललंय असा कुणाचा मेल आला की हे ठरलेलं. नंबर मेलातला घ्यायच्या नाहीत, आपल्या जुन्या वहीतला. "मेल कुणीपण लिहील हो. मला माणूस ऐकू दे."

एकदा रंगवाला वैतागला. "बाई, मीच बोलतोय."

"मग शिंकून दाखवा."

रंगाची पूड नाकात जाऊन तो माणूस सदा शिंकायचा. तो हसला आणि हसता हसता खरंच शिंकला. तेव्हा कुठे पैसे गेले.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला किरकिरं म्हणू नका. मी म्हणायचो.

बाई रोह्याजवळच्या वरसे गावच्या. आठवड्यातून दोन दिवस पेणला येऊन आम्हा तीन-चार गणपतीवाल्यांचं कॉम्प्युटरचं काम बघायच्या. गेल्या पावसात वारल्या. मी चौथी नापास, माझा हात मातीतला. लिहिणं-वाचणं माझ्या बायकोचं. कारखान्याचा मेल तिच्याच नावाचा. ती बाईंच्या आधी, पौषात वारली.

महिन्यानं त्यावर मेल आला. 'हे खातं उद्या बंद होईल. चालू ठेवायचं असल्यास पासवर्ड भरा.' मी अक्षर अक्षर लावून वाचलं. वर तिचं नाव होतं. ते बंद होणार म्हटल्यावर मला काय सुचलंच नाय. तिनं सांगून ठेवलेला पासवर्ड मी भरला. पैशाची बाब नाय, मग बाईंना कशाला विचारायचं?

चौथ्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन. "वहिनींचा मेल आलाय. मूर्तींची आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा म्हणतात. पण वहिनी मूर्ती कधी म्हणायच्या नाहीत. तुमचा गणपती रंगवायला घेतलाय, असं लिहायच्या. म्हणून विचारलं."

मी फळीवर बसलो. मरून महिना झालेली बायको पैसे मागत होती.

मी बाईंना कळवलं. त्यांचा वार नव्हता तरी दुपारच्या गाडीनं आल्या. मी खरं ते सांगितलं.

"मला का नाय विचारलंत, दादा?"

"बंद होईल म्हणाले ते."

"होऊ द्यायचं होतं!" बाई ओरडल्या. मग पडद्यावर माझ्या बायकोचं नाव बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पासवर्ड बदलला, बँकेला आणि पोलिसांना कळवलं. मग वही उघडली. एकतीस गिऱ्हाइकं. एकेकाला फोन. "नव्या खात्यात काय भरू नका, तो मेल चोराचा." एकानं भरून टाकले होते. त्याला मी गणपती तसाच, परत पैसे न घेता दिला.

पण जो तो म्हणायचा, "वहिनींना द्या फोन. त्यांनी सांगितलं तर पटेल." मग बाईंना सांगावं लागायचं, त्या गेल्या. नववं गिऱ्हाईक झाल्यावर बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"आता तुम्ही सांगा."

"मला नाय जमत." तोवर 'ती गेली' हे दोन शब्द मी कुणापुढे उच्चारले नव्हते. तेराव्यालासुद्धा भटजीच बोलले होते.

"चोरानं तिच्या नावानं मागितलंय. तुम्ही गप्प बसलात तर लोक तिलाच चोर म्हणतील. चालेल?"

बाईंनी दहावा नंबर लावला, मी फोन घेतला. पलीकडे रोह्याचा म्हातारा होता, वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"माझी बायको मेली," मी म्हणालो. "तिनं पैसे मागितलेले नायत."

फोन कधी ठेवला आठवत नाय. बाईंनी पुढचा नंबर लावला नाही. वहीत बोट घालून तशाच बसल्या, माझं रडून होईपर्यंत. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मग म्हणाल्या, "तोंड धुवा. अजून एकवीस हायत."