शिंकोबा नातीला भेटायला निघाले

गादीवाल्याला शिंका यायच्या त्या तीनच्या जुडीनं. पहिली मांजराच्या पिल्लासारखी, दुसरी जरा वयात आलेली, आणि तिसरी अशी, की शेजारच्या घड्याळजीच्या चिमट्यातला स्क्रू थेट रस्त्यावर. उभा जन्म जुन्या गाद्या उसवण्यात, कापूस पिंजण्यात आणि खोळीत तो ठासून दाभणानं टाके घालण्यात गेलेला. नाकात वाऱ्यापेक्षा कापूसच जास्त. गल्लीनं त्यांचं नाव शिंकोबा ठेवलं आणि खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं. दोन शिंका झाल्या की गिऱ्हाईक बोलायचं थांबायचं, तिसरी होऊ द्यायचं, आणि मग भावाची घासाघीस पुढं चालू.

त्या वर्षी तापाची साथ आली आणि शिंकोबांच्या नाकाचे दिवस फिरले. शिंकणाऱ्याकडं लोक असं बघायला लागले, जणू त्यानं दुसऱ्याच्या खिशात हात घातलाय.

"शिंकोबा, तोंड भिंतीकडं करा!" घड्याळजी आपल्या टपरीतून ओरडायचा.

"अरे, कापसाची शिंक आहे ही!"

"असेल. पण ताप काय गळ्यात पाटी अडकवून येतो होय?"

अशात दूरच्या शहरातून लेकीचा फोन आला. मुलगी झाली होती, पण चांगली महिनाभर आधी, घाई करून. दोन ओंजळींत मावेल एवढीशी.

"बाबा, तुम्ही दोघं यावं असं फार वाटतंय," लेक म्हणाली. "पण इथल्या डॉक्टरांनी दम भरलाय. शिंक, खोकला, ताप असलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. एवढ्याशा जिवाला ते झेपायचं नाही. आणि तुम्ही तर…"

"बोल ना. आजोबा शिंकतात, बोल."

लेक हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. शिंकोबांच्या काळजाचा कापूस झाला. पहिली नात, आणि हे मेलं नाक मध्ये!

ते तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, नाकात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "ही धुळीची शिंक दिसते. काही दिवस कापसाला हात लावू नका, थांबते का बघा. दोघांनीही लस घ्या. आणि गाडीत बसायच्या आधी अंगात जरा जरी कणकण वाटली, तर जायचं नाही. कळलं?"

"कळलं," शिंकोबा म्हणाले. माणूस आनंदात असला की सगळंच कळतं.

दुकानाला कुलूप लागलं. आठवड्याभरात शिंका अशा गायब झाल्या की शिंकोबांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मग ते गल्लीभर नाक वर करून फिरले. वाण्याच्या दारात, न्हाव्याच्या खुर्चीपाशी, सगळीकडं एकच पालुपद: "बघा, आहे का शिंक? कापूसच होता तो!" बसच्या थांब्यावरचा कंडक्टर आधी म्हणाला होता, "शिंकोबा, तुम्हाला तिकीट दिलं तर बाकीची गाडी रिकामी होईल हो." त्याच्यासमोर तर ते मुद्दाम तासभर बसून आले. कंडक्टरला पटलं. हळूहळू अख्ख्या गावाला पटलं.

प्रवासाची आखणी बायकोनं हातात घेतली. लढाईला निघालेल्या सेनापतीला लाजवेल असा तिचा थाट. पहाटेची गाडी, कारण तिला गर्दी कमी. खिडकीजवळच्या जागा, कारण काच उघडी ठेवता येते. पाणी घरचं, खाणं घरचं, साबणाची वडी वेगळ्या डबीत. माणशी चार मास्क.

"चार?" शिंकोबा म्हणाले. "मला तोंड एकच आहे."

"एकच आहे, पण दहा तोंडांचं काम करतं. आणि ऐका, तिथं गेल्यावर आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मग बाळ. लगेच पापे घ्यायला धावायचं नाही. मिशी टोचते."

निघायचा दिवस उजाडला. गाडीत मोजकीच माणसं होती. बायकोनं खिडकीची काच सरकवली, मास्क नाकावर नीट बसवला, नवऱ्याचाही वर ओढला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि शिंकोबांना शिंक आली.

एक.

कंडक्टर हसला. "कापूस बरोबर घेतलात वाटतं, शिंकोबा!"

"निघताना दुकानात डोकावलात ना?" बायको कुजबुजली. "तरी मी सांगत होते."

शिंकोबा दुसरीची वाट बघत होते. दुसरी येईना. ही शिंक त्यांच्या ओळखीचीच नव्हती. ओली, जड, एकटी. डोळ्यांच्या मागं ठणका होता. उठल्यापासून गुडघे कुरकुरत होते, ते त्यांनी पहाटेच्या गारव्यावर ढकलले होते.

कुणालाही कळलं नसतं. गावभर हिंडून त्यांनीच पटवलं होतं, की शिंकोबांची शिंक म्हणजे नुसता कापूस. तोंडावर मास्क आहे, गाडी निघतेय, संध्याकाळी नात मांडीवर. लेकीला फोनवर काय दिसणार? मन असं गुळगुळीत बोलायला लागलं की समजावं, ते काहीतरी खपवायला बघतंय. शिंकोबांनी दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्याकडं पाहिलं. अशा दोन. बस, एवढीशी.

ते उठले. "गाडी थांबवा. मला ताप आहे."

"बसा हो," कंडक्टर म्हणाला. "तुम्हाला ओळखत नाही का आम्ही?"

"ओळखता ना? मग माझी एकटी शिंक कधी ऐकलीत?"

गाडी गप्प झाली. सगळे दुसरीसाठी कान टवकारून बसले. ड्रायव्हरनं इंजिनसुद्धा बंद केलं. दुसरी आली नाही. मग मागच्या बाकावरचा माणूस हळूच आणखी मागं सरकायला गेला, पण मागं बाकच नव्हतं.

"हे नाटक कशासाठी, मला माहितीय," बायको म्हणाली. "व्याह्यांचं बोलणं ऐकावं लागेल म्हणून! मागच्या वेळी त्यांनी किडनी स्टोनची गोष्ट तीनदा सांगितली, तेव्हापासून तुम्ही पळवाट शोधताय."

"अगं, किडनी स्टोन जन्मभर ऐकीन. पण हे खरं आहे." आणि मग त्यांना सगळ्यात कठीण वाक्य बोलावं लागलं. "तुलाही उतरावं लागेल. रात्री एकाच खोलीत झोपलो होतो आपण."

बायकोनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की अंगातला ताप तिथंच उतरावा. पण ती उतरली. पिशवी आपटत, न बोलता, त्यांच्या चार पावलं पुढं चालत घरी आली.

दुपारपर्यंत शिंकोबा चांगलेच फणफणले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, साथीचाच ताप निघाला. शिंकोबा आतल्या खोलीत, दार बंद. बायको बाहेर, भांड्यांवर राग काढत. ताट दाराशी ठेवलं की ती मास्कच्या आतूनच म्हणायची, "घ्या. नातीला बघायचं सोडून भिंत बघा." ताप तिनं मान्य केला, पण निदान ती एकटी तरी गेली असती, हे तिच्या मनातून जाईना. तिला काय धाड भरली होती? धडधाकट बाई! लेकीशी फोनवर ती गोड बोलायची, फोन ठेवला की पुन्हा भांडी.

तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी गप्प झाली. दारापलीकडं एक शिंक झाली. शिंकोबा उशीवरून उठून बसले. दुसरीची वाट पाहिली. आली नाही.

मग बायकोचा आवाज आला. "कापूस उडाला असेल कुठून तरी."

"तू कापसाला कधी हात लावलास?"

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. बायको दाराला टेकून बसली असावी, कारण पुढचं बोलणं अगदी जवळून आलं.

"परवा गेले असते, तर आत्ता तिला मांडीवर घेऊन बसले असते मी."

"हो," शिंकोबा म्हणाले.

"बरं झालं उतरवलंत." मग नाक ओढून ती लगेच मूळ पदावर आली. "डॉक्टरीणबाईंना फोन लावा आणि विचारा, बरं झाल्यावर कधी निघायचं. आणि तोवर दुकान उघडलंत तर याद राखा. व्याह्यांशेजारी झोपायला लावीन तिथं."