दुर्बिणीतली आई

"बाई, या नळीतून तू उलटी दिसतेस! डोकं खाली, पाय वर. लुगडं सांभाळ!"

माझ्या वर्गातल्या राजानं ओरडून सांगितलं आणि सगळे हसले. समोर शंभर पावलांवर एक बाई मोजणीची उंच काठी धरून उभी होती. तिनं एका हातानं लुगडं गुडघ्यांपाशी गच्च धरलं. काठी हलायला लागली. आमचे सर खेकसले, "दोन्ही हातांनी धर! रीडिंग चुकतंय." तिनं लुगडं सोडलं, काठी धरली, परत लुगडं धरलं. शेवटी गुडघे आवळून खाली बसली आणि बसल्या बसल्या काठी सरळ धरली. मग सरही हसले.

मीही हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. ती बाई माझी आई होती.

आम्ही धनगर. वेल्ह्याच्या डोंगरात सात घरांची वस्ती. मी पुण्यात शिकत होतो. संस्थानं जाऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि दोन विद्यापीठांनी मिळून एक नवी सोय काढली होती. तीन वर्षं इथं भौतिकशास्त्र, मग दोन वर्षं तिकडं इंजिनियरिंग. पाच वर्षांत दोन पदव्या. तिकडं जायला सरांची शिफारस लागे, आणि ती ठरणार होती उन्हाळ्यातल्या मोजणीच्या कँपात. मुलं सहा, जागा दोन.

कँप पडला भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. आमच्या वस्तीवरून डोंगर उतरला की तिथंच. ठिकाण कळलं तेव्हा मला तिकडं जायचंच नव्हतं.

कारण मी खोटं बोललो होतो. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात राजानं नाक धरून विचारलं होतं, "कुणाच्या अंगाला मेंढरांचा वास येतोय रे?" मी मागं वळून बघितलं, जणू मीही शोधतोय. त्याच दिवशी सांगून टाकलं, आम्ही भोरचे, वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. दोन वर्षं हे खोटं पोसलं. वडील तेव्हा मेंढरांमागं रानोमाळ हिंडत होते.

आई कँपावर पाणी भरायला लागली. मी दिसेन म्हणून लागली, दुसरं काय. पहिल्या दिवशी मला बघून तिचं तोंड उघडलं. मी नको अशी मान हलवली. एवढीशीच हलवली. तिला तेवढी पुरली. घागर पुढं करून म्हणाली, "घ्या सायब, पानी." मी ओंजळ धरली. आईनं मला साहेब म्हटलं आणि मी ते पाणी प्यालो.

तिसऱ्या दिवशी काठी धरणारा गडी तापानं पडला. राजानं आईला बोलावून काठी तिच्या हातात दिली. पुढचं मघाशी सांगितलंच.

ती तशी बसलेली असताना माझी पाळी आली. मी दुर्बिणीला डोळा लावला. आभाळ खाली, त्यात आईचं डोकं, डोंगर वर. भिंगामुळं प्रतिमा उलटी होते. ती सुलटी करायची तर आणखी भिंगं घालावी लागतात, उजेड कमी होतो. राजाला हे प्रयोगशाळेत मीच समजावलं होतं. माझीच शिकवणी त्यानं माझ्या आईवर चालवली. आडव्या रेघेवरचा आकडा मी वाचला. चार पॉइंट तीन पाच.

"शाबास," सर म्हणाले. "नजर पक्की आहे तुझी."

पक्कीच होती. आईची ती अवस्था बघताना डोळ्यांत पाणी आलं असतं तर आकडा दिसला नसता. आकडा लख्ख दिसला. त्या आकड्याची मला अजून शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. घागर उतरवली. खाली बसली. कमरेची दोरी सोडली आणि लुगड्यावरून दोन्ही गुडघ्यांखाली आवळून बांधली. द्वाड शेळीला चरायला सोडताना बांधतात, तशी. मग कशीबशी उठली आणि सरांना म्हणाली, "आता दोनी हातानं धरते, सायब. काठी हालायची न्हाई."

ती खुरडत काठीकडं निघाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. या वेळी मी नव्हतो.

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि दोरी सोडली. गाठ पक्की होती, दातांनी ओढावी लागली. उठून सरांना म्हणालो, "ही माझी आई आहे. आम्ही धनगर आहोत. कारकून वगैरे सगळं खोटं."

मी आईचा हात धरला. "आये, हितं ये. ह्यातनं बग."

"यंत्राला तिनं हात लावायचा नाही," सर म्हणाले.

"काठी चालते तिच्या हातची. दुर्बीणही चालेल."

समोर राजा खुंटी ठोकत होता. मी दुर्बीण त्याच्यावर धरली. आईनं डोळा लावला.

"आगं बया! उलटाच की." ती बराच वेळ बघत राहिली. "पर तेची पाटलून हाय तितंच हाय."

तिनं डोळा काढला. माझ्याकडं बघितलं.

"म्हंजी काय बी पडत न्हाई."

"न्हाई, आये."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"तरी हासलास?"

तिनं घागर उचलली आणि गेली. कँपावर परत आली नाही.

शिफारस राजाला आणि आणखी एकाला मिळाली. मी तीन वर्षं उशिरा, शिफारशीशिवाय, अर्जावर बापाचा धंदा मेंढपाळ असा लिहून दुसऱ्या विद्यापीठात शिरलो. दोन्ही पदव्या घेतल्या. आता माझ्या हाताखाली माणसं काठी धरतात. नवा गडी आला की आधी त्यानं दुर्बिणीतून बघायचं, मग काम. कुणी साहेब खिदळला तर दिवसभर उन्हात काठी त्यानं धरायची. हा माझा नियम आहे आणि नोकरी गेली तरी तो बदलणार नाही.

आईची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देईल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही.