वन्सं आणि त्यांचा ‘थांब’

वन्सं गेल्या हे मला येडशीच्या बाजारात, मेथीची जुडी हातात असताना कळलं. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई गेली... झोपेतच," एवढंच बोलले. मेथीवालीनं विचारलं, "काय झालं ओ?" आणि माझ्या तोंडून निघालं, "असं कसं गेल्या, मला न सांगता?" दीड महिना होत आला, पण त्यांच्यावरचा तो राग अजून गेलेला नाही.

वन्सं ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या, पण भावाच्या घरात राहायला नाही. आमच्या अंगणापलीकडं दोन खोल्या बांधल्या, शिलाई मशीन मांडलं आणि निम्म्या गावाचे ब्लाऊज शिवले. जीभ अशी, की त्यापेक्षा कात्री बरी. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना वचकून असायचे. पुढं आमचं इतकं जमलं की हे म्हणायचे, "तुम्ही दोघी बसलात की मला घरात जागा न्हाय."

आणि त्यांचं ते कुत्रं! पिल्लू असताना चपला घेऊन पळायचं, दुधात तोंड घालायचं, आणि जो तो ओरडायचा, "थांब! ए, थांब!" बिचाऱ्यानं तेच आपलं नाव समजलं. वन्संनी हौसेनं ठेवलेलं ‘राजा’ वाया गेलं. राजा म्हटलं की ढिम्म, थांब म्हटलं की शेपूट हलवत पळत हजर. वन्सं पोट धरून हसायच्या. "मलाबी जन्मभर सगळ्यांनी थांबच म्हटलं की गं शोभा. म्या ऐकलं न्हाय. ह्या गड्यानं तर अर्थच बदलून टाकला!"

एका ठिकाणी मात्र त्यांना ऐकावं लागलं होतं. आमच्या गावामागं माळ संपतो तिथून एक घळ उतरते. काळा कातळ, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि पार खाली महादेवाचं लहानसं देऊळ. मामंजी मुलांना त्या वाटेनं देवाला न्यायचे, मुलींना मात्र बैलगाडीत घालून सडकेनं. "पोरींचं काम न्हाय ते." संध्याकाळी धाकटा भाऊ कड्यावरच्या माकडांच्या गोष्टी सांगायचा आणि ही थोरली रडकुंडीला यायची. साठी उलटली तरी ती सल गेली नाही. त्यात हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले चालत राहा, घरच्यांनी ऐकलं ते फक्त जपा. ह्यांनी तर फर्मानच काढलं, "ताई, घळीचं नाव काढायचं न्हाय."

एका थंडीत हे ढोकीच्या साखर कारखान्याला ऊस घेऊन गेले, आणि वन्संनी सकाळीच पदर खोचला. पायात माझ्या लेकाचे बूट, फडक्यात भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी. "येतीस का जाऊ?" मी काय म्हणणार? थांब तर आमच्या आधीच माळावर पोचला होता.

निम्मी वाट मजेत गेली... सीताफळीच्या जाळ्या, हाताला गार लागणारा कातळ, बोललेलं पुन्हा ऐकू यायचं. वन्सं सारख्या म्हणत होत्या, "हे लपवून ठेवलं होतं व्हय आमच्यापासून!" आणि मग वाटच संपली. समोर पुरुषभर उंचीचा तुटलेला कातळ, खाली मोठाले गोटे. वन्सं मटकन खाली बसल्या. कपाळाला घाम. "वन्सं, माघारी फिरू. तुमच्या पाया पडते मी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "आज फिरले तर पुन्यांदा कुणी येऊ द्यायचं न्हाय गं मला." डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं क्वचितच पाहिलं होतं.

कुत्रं कुठं दिसेना. वन्संनी होती नव्हती ती ताकद लावून हाक मारली, "थांब!" घळ घुमली, थांब... थांब... आणि डाव्या हाताच्या जाळीतून, जिथं वाट असेल असं कुणी म्हटलं नसतं, तिथून स्वारी धापा टाकत वर आली. पाय ओले. म्हणजे खाली पाण्यापर्यंत जाऊन आली होती! जाळी बाजूला सारली तर कातळात तिरकी चीर, बसून घसरता येईल एवढी. "बघ," वन्सं म्हणाल्या, "आपल्या घरात थांब म्हटल्यावर पुढं जाणारे आमी दोघंच." आणि घसरल्या की खाली! साडी फाटली, कोपर सोललं, पण खाली बसून त्या अशा हसल्या की कड्यावरचे पारवे उडाले.

देवळातली घंटा त्यांनी इतकी बडवली की महादेवानंच कानावर हात ठेवले असतील. भाकरीचे तीन वाटे झाले. सडकेला लागल्यावर त्यांनी भावाला फोन लावला, तोही स्पीकरवर. "आप्पा, महादेवाला गाडी घेऊन ये. सडकेनं न्हाय आले... घळीतनं आले." पलीकडनं ह्यांचा आवाज, "ताई, तू म्हणजे... थांब तिथंच, आलो!" आपलं नाव ऐकून कुत्रं फोनवर असं काही भुंकलं की ह्यांचं ओरडायचं राहूनच गेलं. आले, गाडीतून उतरले, वन्संच्या फाटक्या पदराकडं बघत राहिले आणि वाकून पाया पडले. त्यानंतर दर थंडीत वन्सं घळ उतरल्या, आणि हेही सोबत असायचे.

तिरडी उचलली तेव्हा ह्यांना राहवलं नाही. "ताई, थांब गं..." अंगणाच्या कोपऱ्यात दिवसभर पडून असलेलं कुत्रं उठलं, माणसांमधून वाट काढत आलं आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागलं. कुणी हाकललं नाही.

आता थांब आमच्याकडं असतो. गेल्या रविवारी आम्ही त्याला घेऊन घळीपाशी गेलो, तर तो कधीच आत पसार झाला होता. वन्संशिवाय उतरायचं म्हणून माझे पाय उचलेनात. हे म्हणाले, "नको जायला?" मी म्हटलं, "हाक तर मारा." ह्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वन्सं मारायच्या तशीच हाक मारली, "थांब!" क्षणभर काहीच नाही. मग आतून कुणीतरी पळत वर येत असल्याचं ऐकू आलं.

मी पदर खोचला.